मॅडमच्या नावाने मेल पाठवा, मॅडमचा पासवर्ड न घेता

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयात हजेरीचं सॉफ्टवेअर आहे. महिनाअखेरीस साधारण १८०० पालकांना मुलाच्या हजेरीचा मेल जायला हवा आणि तो प्राचार्य मॅडमच्या नावाने जायला हवा. विचारणाऱ्या ताईंनी पायथनमध्ये स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिली, 'फ्रॉम'मध्ये मॅडमचा पत्ता घातला आणि वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर फुकट मिळालेल्या मेल सर्व्हरमधून मेल सोडले. बरेचसे स्पॅममध्ये गेले, काही परत आले. मग कुणीतरी ॲडमिनकडून परवानगी मिळवून दिली, तेव्हा मेल नीट पोचले, पण आउटलुकमध्ये 'कार्यालय ऑन बिहाफ ऑफ प्राचार्य' असं दिसायला लागलं आणि मॅडमना ते खटकलं. आता मॅडमच म्हणतात, "माझा पासवर्ड घे आणि घाल त्याच्यात." संस्थेचे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहेत. आता काय करावं?

ताई, पासवर्ड घेऊ नका. बाकीचं उत्तर लांब आहे, सावकाश वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय, ते ऐका. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातून मला फोन आला की सकाळपासून कुणाचाच मेल उघडत नाही. निकालाचा आठवडा होता. मी गेलो तेव्हा सगळे कॉम्प्युटरवर व्हायरस शोधत बसले होते. त्यांचे मेल तेव्हा एका होस्टिंगवाल्याकडे होते आणि त्या सर्व्हरची पद्धत अशी की एकाच ठिकाणाहून चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न वाढले, की तो त्या आयपी पत्त्यालाच बंदी घालायचा. आणि अख्ख्या महाविद्यालयाचा बाहेरचा आयपी पत्ता एकच. दोन तास लॉग चाळल्यावर सापडलं ते असं: कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर एक्सेलचा मॅक्रो होता, त्यात प्राचार्यांचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला होता आणि सरांनी आदल्या रात्री पासवर्ड बदलला होता. मॅक्रोला ते कोण सांगणार? तो बिचारा दर पाच मिनिटांनी जुन्याच पासवर्डने दार वाजवत होता. तो कॉम्प्युटर तिघंजण वापरत. म्हणजे सरांचा पासवर्ड वर्षभर तिघांच्या नजरेसमोर होता. ज्यांनी मॅक्रो लिहिला ते लिपिक अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सर, मी तर काम सोपं करायला गेलो होतो," एवढंच ते म्हणाले. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

शिवाय आता हा रस्ता जवळजवळ बंदच झालेला आहे. गुगलने साध्या जीमेल खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या ॲप्सचा प्रवेश ३० मे २०२२ला थांबवला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२पासून एक्स्चेंज ऑनलाइनमधली (३६५ची मेलसेवा) नुसत्या नाव-पासवर्डाची बहुतेक दारं बंद करायला घेतली. मॅडमच्या खात्यावर दुहेरी पडताळणी असेल तर (आणि नसेल तर आधी ती लावा) स्क्रिप्टला ओटीपी कोण देणार? मग कुणीतरी सुचवतं, "मॅडमच्या खात्याची दुहेरी पडताळणी काढून टाकू." संस्थेतलं सर्वांत मोलाचं खातं सर्वांत उघडं ठेवायचं, आणि तेही हजेरीच्या मेलपायी. कृपा करून कुणाला हे करू देऊ नका.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्याच्या वतीने लिहिणं ही कॉम्प्युटरने आणलेली गोष्ट नाही. आपल्या सरकारी कागदांत ती कित्येक वर्षं चालत आली आहे. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही शासन निर्णय घ्या. शेवटी ओळ असते: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि तिच्याखाली सही असते उपसचिवांची, अवर सचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्यांची. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालावा असं राज्यघटनेचं कलम १६६ सांगतं, म्हणून नाव राज्यपालांचं. पण राज्यपालांच्या सहीची नक्कल कुणी करत नाही. सही करणारा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हुद्द्यासकट सही करतो. तुमच्या महाविद्यालयातही प्राचार्य बाहेरगावी असल्या की उपप्राचार्य 'प्राचार्यांकरिता' असं लिहून सही करतात. कागद कुणाच्या नावाने आहे, प्रत्यक्ष सही कुणी केली आणि त्याला अधिकार कुणी दिला, या तिन्ही गोष्टी त्या कागदावरून कळतात.

ईमेलमध्ये हीच सोय निदान १९८२पासून आहे. त्या वर्षीच्या आरएफसी ८२२ या प्रमाणकात 'फ्रॉम' आणि 'सेंडर' ही दोन वेगळी हेडर (मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी) आहेत. आज चालणाऱ्या आरएफसी ५३२२मध्ये (२००८) तर उदाहरणच दिलंय ते सचिवाचं: साहेबांसाठी सचिवाने मेल पाठवला, तर साहेबांचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये आणि सचिवाचा 'सेंडर'मध्ये. आउटलुकला ही दोन हेडर वेगवेगळी दिसली की ते प्रामाणिकपणे 'अमुक ऑन बिहाफ ऑफ तमुक' असं लिहितं. तुम्हाला जे दिसलं ती चूक नव्हती, ते 'प्राचार्यांकरिता'च होतं. मॅडमना हे असं समजावून सांगा. शिक्षण क्षेत्रातली माणसं हे लगेच ओळखतात.

या दोन हेडरांखेरीज आणखी दोन पत्ते असतात आणि गोंधळ बहुतेकदा त्यांच्यात होतो. एक 'रिप्लाय-टू', म्हणजे उत्तर कुठे यावं. दुसरा पाकिटावरचा पत्ता. मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा आधी पाकीट दाखवतात: हे कुणाकडून, कुणाकडे. आतलं पत्र नंतर येतं. पाकिटावरचा पाठवणारा आणि पत्रातला 'फ्रॉम' एकच असावा असं बंधन नाही. मेल पोचला नाही, तर परत येतो तो पाकिटावरच्या पत्त्यावर. तुम्हाला परत आलेले मेल 'फ्रॉम'मधल्या मॅडमकडे जातील असं वाटत असेल, तर ते तसं नसतं.

तुमचे पहिले मेल स्पॅममध्ये का गेले, ते या पाकिटावरूनच कळतं. डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मालक डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या उघड नोंदवहीत, जाहीर करतो की माझ्या डोमेनचं पाकीट अमुक सर्व्हरांनीच आणावं. हा एसपीएफ. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्रावर मारलेला डिजिटल शिक्का. पण या दोन्हींत एक फट होती: पाकीट होस्टिंगवाल्याच्या डोमेनचं, शिक्काही त्याचाच, दोन्ही खरे, आणि आत 'फ्रॉम'मध्ये मात्र तुमच्या मॅडम. ती फट डीमार्कने बुजवली. डीमार्क विचारतो की पाकीट किंवा शिक्का, दोन्हींपैकी निदान एकाचं डोमेन 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळतं का? नाही जुळलं तर 'फ्रॉम'च्या डोमेनच्या मालकाने सांगून ठेवल्याप्रमाणे मेल स्पॅममध्ये टाकतात किंवा नाकारतात. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'नाकारा' असं जाहीर केलं, तेव्हा याहूच्या पत्त्यांवरून लिहिणाऱ्या लोकांचे मेल जगभरच्या मेलिंग लिस्टांवरून उडायला लागले होते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी नियम आणखी आवळले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. तुम्ही १८००वाले, तरी तिन्ही नीट करून घ्या. पालकांतले बहुतेक जण जीमेलवरच असणार.

एक चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की इथे सांगतोच. होस्टिंगवाल्याने सांगितलं म्हणून लोक डीएनएसमध्ये एसपीएफची दुसरी ओळ घालतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन झाल्या की दोन्ही निकामी, आणि मग मॅडमने हाताने लिहिलेला साधा मेलसुद्धा संशयात येतो. एकाच नोंदीत सगळं जोडा, आणि त्या नोंदीमुळे होणाऱ्या डीएनएसच्या चौकशा दहाच्या आत ठेवा. दहाच्या वर गेलं तरी नोंद निकामी होते.

तुमच्या बाबतीत सरळ उपाय असा की होस्टिंगचा सर्व्हर सोडा आणि मायक्रोसॉफ्ट ३६५मधूनच पाठवा. तुमच्या डोमेनचे मेल तिथूनच जातात, म्हणून पाकीट जुळतं. डीकेआयएम तुमच्या स्वतःच्या डोमेनसाठी चालू आहे ना, एवढं ॲडमिनकडून बघून घ्या. ते आपोआप झालेलं असेल असं धरून चालू नका.

आता परवानग्या. एक्स्चेंजमध्ये तीन वेगवेगळ्या आहेत आणि नावांमुळे फसायला होतं. 'फुल ॲक्सेस' म्हणजे मॅडमचा मेलबॉक्स उघडून वाचता येणं. त्यात मॅडमच्या नावाने पाठवायची परवानगी येत नाही. 'सेंड ॲज' म्हणजे मेल थेट मॅडमकडूनच आला असं दिसणं, मागे कुणी आहे याचा पत्ता लागत नाही. 'सेंड ऑन बिहाफ' म्हणजे वर सांगितलेलं 'करिता'. दोन्ही दिल्या तर 'सेंड ॲज' वरचढ ठरते. म्हणून 'करिता दिसायला हवं होतं, दिसत का नाही' असा उलटा प्रश्न पडला, तर दुसरी परवानगी कुणी देऊन ठेवलीय का ते पाहा. आणि परवानगी दिल्यावर लगेच चालली नाही तर घाबरून आणखी परवानग्या वाटू नका. ती लागू व्हायला कधी कधी तासभर जातो. या अधीरपणापायी लोक मॅडमच्या मेलबॉक्सवर सगळ्या परवानग्या देऊन बसतात आणि मग काढायला विसरतात.

स्क्रिप्टने पाठवायचं म्हणजे मायक्रोसॉफ्ट ग्राफमधून (प्रोग्रामांनी ३६५शी बोलायचं दार) 'सेंडमेल' हाक मारायची. तिथेही दोन रस्ते आहेत, आणि मला ते मुखत्यारपत्रासारखे वाटतात. पहिल्या रस्त्यात स्क्रिप्ट एका माणसाच्या लॉगिनवर चालते. तो माणूस जे करू शकतो तेवढंच तिला करता येतं. दुसऱ्याच्या नावाने पाठवायचं तर 'मेल डॉट सेंड डॉट शेअर्ड' ही परवानगी लागते आणि एक्स्चेंजमधली 'सेंड ॲज' किंवा 'ऑन बिहाफ'ही लागते. हे झालं विशेष मुखत्यारपत्र, एका ठरावीक कामापुरतं. दुसऱ्या रस्त्यात स्क्रिप्टची स्वतःची ओळख असते, माणूस लागत नाही, रात्री दोनलाही चालते. पण तिथे 'मेल डॉट सेंड' ही परवानगी दिली की ती स्क्रिप्ट संस्थेतल्या प्रत्येक खात्याच्या नावाने मेल पाठवू शकते. प्राचार्यांच्या, लेखापालांच्या, अध्यक्षांच्या. हे कुलमुखत्यारपत्र आहे. मी कुठल्याही संस्थेत गेलो की पहिल्यांदा ही यादी काढतो: कुठल्या ॲपकडे ही परवानगी आहे? आणि कधीच बंद पडलेल्या एखाद्या फीच्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात हमखास निघतं.

कुलमुखत्यारपत्राला कुंपण घालता येतं. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ॲपला ठरावीक मेलबॉक्सांपुरताच अधिकार देण्याची सोय आहे. जुनी पद्धत 'ॲप्लिकेशन ॲक्सेस पॉलिसी'ची, नवी 'आरबॅक फॉर ॲप्लिकेशन्स'ची. नवी वापरा, पण एक खाच लक्षात ठेवा. नव्या पद्धतीत एक्स्चेंजमध्ये दिलेला मर्यादित अधिकार आणि एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि परवानग्या सांभाळणारी व्यवस्था) आधी दिलेला अमर्याद अधिकार यांची बेरीज होते. कुंपण घातलं पण एन्ट्रामधली जुनी संमती काढलीच नाही, तर कुंपणाला काही अर्थ राहत नाही. काम झाल्यावर मुद्दाम दुसऱ्याच एखाद्या खात्याच्या नावाने मेल पाठवून पाहा. तो नाकारला गेला की कुंपण लागलं.

स्क्रिप्टची गुप्त किल्ली, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्डच, कोडमध्ये लिहू नका, पेन ड्राइव्हवर ठेवू नका, व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका. शक्य असेल तर किल्लीऐवजी डिजिटल प्रमाणपत्र वापरा. किल्लीची मुदत संपायची तारीख कार्यालयाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरसुद्धा लिहून ठेवा. मुदत संपली की स्क्रिप्ट बंद पडते, आणि ते नेमकं परीक्षेच्या तोंडावर लक्षात येतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं स्वतःचं मत सांगतो. तुमच्या जागी मी असतो तर हे मेल मॅडमच्या वैयक्तिक मेलबॉक्समधून पाठवलेच नसते. 'प्राचार्य कार्यालय' या नावाचा एक शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांनी मिळून वापरायचा) काढा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. 'फ्रॉम' त्याचा ठेवा आणि मजकुराखाली मॅडमचं नाव आणि हुद्दा लिहा. पालकाला हे पत्र प्राचार्यांकडूनच आलेलं वाटेल, आणि ते खरंही असेल, कारण मजकूर मॅडमनी मंजूर केलेला आहे. स्क्रिप्टला अधिकार फक्त या एका मेलबॉक्सपुरता द्या. मॅडम निवृत्त झाल्या, बदली झाली, तर मजकुराखालचं नाव बदललं की झालं. परवानग्यांना हातही लावायला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उत्तरं. एका संस्थेत असेच हजेरीचे मेल जात असत, 'फ्रॉम'मध्ये उत्तर न देण्याचा पत्ता, 'रिप्लाय-टू' रिकामं. एका मुलाची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली होती. वडिलांनी मेलला उत्तर लिहिलं होतं: मुलाला डेंग्यू झाला होता, अकरा दिवस दवाखान्यात होता, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कृपया विचार व्हावा. दाखल्याचा फोटो जरा तिरका काढलेला, पण शिक्का स्पष्ट दिसत होता. हे उत्तर कुणी न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये पडून राहिलं. वडिलांना वाटलं, प्राचार्यांना कळवलंय. कार्यालयाला वाटलं, पालकांना काही पडलेलीच नाही. परीक्षेच्या प्रवेशपत्राच्या दिवशी तो मुलगा खिडकीपाशी उभा होता, आणि मी दुसऱ्याच कामासाठी आलो होतो म्हणून तो मेलबॉक्स उघडून पाहिला. तिथे अशी साठाहून जास्त उत्तरं होती. त्या मुलाचं काम त्या दिवशी झालं. बाकीच्यांचं काय झालं, हे मला आजही टोचतं. म्हणून सांगतो, ज्याच्या नावाने मेल जातो त्याच्या नावाने उत्तर येणारच. ते रोज कोण वाचणार, हे नाव ठरल्याशिवाय एकही मेल सोडू नका.

मॅडमचा आग्रह असेलच की मेल त्यांच्याच पत्त्यावरून दिसावा, तर 'सेंड ॲज' द्या. त्यात वाईट काही नाही, फक्त तो निर्णय त्यांचा असू द्या आणि लेखी असू द्या. अर्धं पान पुरे: कुठल्या विषयाचे मेल, मजकूर कोण मंजूर करणार, बटण कोण दाबणार, अधिकार कुठल्या तारखेपर्यंत. खाली सही. पुढे एखाद्या पालकाने "मॅडमनी मला असं लिहिलं" म्हणून पत्र पुढे केलं, तर ते कुणी आणि कशाच्या आधारावर पाठवलं हे सांगता यायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या मेलबॉक्सच्या लेखापरीक्षण नोंदींत 'सेंड ॲज' आणि 'सेंड ऑन बिहाफ' दोन्ही प्रकारचे मेल नोंदले जातात, पण त्या नोंदी नेहमीच्या परवान्यात १८० दिवसच राहतात.

म्हणून स्वतःची नोंद ठेवा. आपल्या कार्यालयांत जावक नोंदवही असते ना, तीच इथे. प्रत्येक मेलला जावक क्रमांक द्या, तो मजकुरात छापा आणि एका तक्त्यात लिहा: क्रमांक, विद्यार्थी, पत्ता, वेळ, पुढे काय झालं. ही नोंद मेल पाठवण्याच्या आधी करायची आणि पाठवल्यावर खूण करायची. स्क्रिप्ट ९०० मेलनंतर मध्येच थांबली, तर पुन्हा चालू केल्यावर ती खूण नसलेल्यांपासून पुढे जाईल. नाहीतर पहिल्या ९०० पालकांना दोनदा 'आपल्या पाल्याची हजेरी कमी आहे' हे वाचावं लागतं, आणि मग फोन वाजायला लागतात. ग्राफकडून येणारं २०२ हे उत्तर म्हणजे 'स्वीकारलं', 'पोचलं' असा त्याचा अर्थ नाही. परत आलेले मेल पाहून तक्ता दुरुस्त करावाच लागतो.

वेगाचं गणित सोपं आहे. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये एका मेलबॉक्समधून मिनिटाला ३० मेल आणि दिवसाला १०,००० जणांपर्यंत मेल, अशी मर्यादा आहे. १८०० मेलना एक तास लागेल. लागू दे. एकाच मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते भरून वेळ वाचवायला जाऊ नका. एकाच्या हजेरीचा आकडा दुसऱ्याला दिसला, की प्रकरण फार वेगळ्या दिशेला जातं.

मराठीत मजकूर असला की दोन गोष्टी सांभाळा. विषयाच्या ओळीत आणि नावात देवनागरी थेट घालता येत नाही, ती ठरलेल्या पद्धतीने यूटीएफ-८मध्ये गुंडाळावी लागते. हाताने हेडर जोडणाऱ्या स्क्रिप्टांत म्हणूनच प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पायथनचा 'ईमेलमेसेज' वर्ग आणि ग्राफ हे काम आपोआप करतात, त्यांच्यावर सोडा. दुसरं म्हणजे विद्यार्थ्याचं नाव एक्सेलमधून येतं आणि त्यात कधी कधी एंटर दाबलेला असतो. असं नाव हेडरमध्ये गेलं तर ओळ तुटते, आणि वाईट हेतूने कुणी नवं हेडरही घुसवू शकतो. नाव घेताना ओळींचे तुकडे काढून टाका. आणि 'ऑटो-सबमिटेड' हे हेडर ठेवा, म्हणजे एखाद्या पालकाच्या 'मी रजेवर आहे' या आपोआप उत्तरांचा पूर कमी होतो.

ज्यांच्या संस्था गुगल वर्कस्पेसवर आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे सर्व्हिस अकाउंटला (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेलं खातं) डोमेनभरचा प्रातिनिधिक अधिकार देऊन, 'अमुक वापरकर्त्याच्या वतीने' असं सांगत जीमेलच्या एपीआयने (प्रोग्रामसाठीच्या दाराने) मेल पाठवता येतो. अधिकार फक्त 'जीमेल डॉट सेंड' एवढाच द्या, वाचायचा देऊ नका. पण हेही कुलमुखत्यारपत्रच आहे, डोमेनमधल्या कुणाच्याही नावाने चालतं आणि त्याची किल्ली म्हणजे एक छोटीशी जेसन फाइल. ती फाइल हरवणं म्हणजे सगळ्यांच्या सहीचा शिक्का हरवणं. छोट्या संस्थेला ॲप्स स्क्रिप्ट (गुगलमध्येच स्क्रिप्ट लिहून चालवायची सोय) पुरतं. तिथे मात्र एक गोष्ट लोकांना माहीत नसते: ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा ट्रिगर ज्याने बनवला त्याच्याच खात्यावर चालतो. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला, खातं बंद झालं, की मेलही बंद. म्हणून ट्रिगर कार्यालयाच्या खात्यातून बनवा.

एक शेवटचा प्रकार उरतो, तो म्हणजे समोरच्याच्या परवानगीशिवाय त्याच्या नावाने पाठवणं. 'गंमत म्हणून', 'नुसती चाचणी म्हणून' असं कुणी म्हटलं तरी मी त्यात मदत करत नाही. फसवण्याच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येतं आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून फसवणं ६६डी खाली. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आता ताई, सुरुवात अशी करा. शेअर्ड मेलबॉक्स तयार झाला, कुंपण लागलं, की पहिला मेल तुमच्या स्वतःच्या जीमेलवर पाठवा. उघडून 'शो ओरिजिनल' दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींसमोर 'पास' दिसायला हवं, आणि डीकेआयएमसमोर डोमेन तुमच्या महाविद्यालयाचं असायला हवं. मायक्रोसॉफ्टचं डीफॉल्ट डोमेन दिसलं तर ॲडमिनकडे परत जा. मग त्याच मेलला उत्तर द्या आणि ते कार्यालयात कुणाच्या पडद्यावर उमटतं ते उठून, चालत जाऊन पाहा. त्यानंतर शिक्षकांपैकी ज्यांची मुलं तुमच्याच महाविद्यालयात आहेत अशा पाच-सात जणांना पाठवा. ते पालक म्हणून वाचतील आणि मजकुरातलं काय टोचतं ते सांगतील. मग एका वर्गाची एकच तुकडी, साठ-सत्तर मेल. दोन दिवस थांबा, उत्तरं वाचा. उरलेले सगळे त्यानंतर सोडा, शक्यतो सकाळी, म्हणजे पालकांचा फोन आला तर उचलायला कार्यालयात माणूस असेल.